खोटी नोकरी ओळखावी कशी?

किल्लारीच्या भूकंपाची तारीख मराठवाड्यात कोणालाही विचारा, चटकन सांगेल : ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि जवळजवळ दहा हजार माणसे दगामातीच्या घरांखाली गाडली गेली. पण त्याआधीची एक गोष्ट तुमच्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीला लहान लहान धक्के बसत होते. त्यांतला मोठा धक्का १८ ऑक्टोबर १९९२ चा. मग ती पूर्वसूचना होती काय?

उत्तर देण्यापूर्वी नांदेडकडे पाहू. २००७ च्या सुमारास त्या शहरातही लहान धक्के बसले, जमिनीतून गडगडाट ऐकू आला. लोक घाबरून घराबाहेर आले. पण त्यामागून मोठा भूकंप काही आला नाही. चिन्ह सारखेच, परिणाम मात्र निराळा! म्हणूनच भूकंप नेमका कधी, कोठे आणि केवढा होईल, हे आधी सांगण्याची रीत विज्ञानाला अजून सापडलेली नाही.

सगळीच संकटे मात्र अशी मुकी नसतात. तुमच्या मोबाइलवर किंवा थोरल्या भावाबहिणीच्या मोबाइलवर असा संदेश आला असेल : ‘घरबसल्या काम. अनुभवाची गरज नाही. रोज हजारो रुपये कमवा. फक्त सात जागा शिल्लक, आजच कळवा.’ या संकटाची पूर्वचिन्हे त्या संदेशातच लिहिलेली असतात. ती कशी वाचायची, ते पाहू.

पैसा कोणीकडे वाहतो?

पाणी उंचावरून सखल जागी वाहते. तसा नोकरीत पैसा मालकाकडून काम करणाऱ्याकडे वाहतो. नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत अशा नावांनी तो उलट वाहू लागला, की ती नोकरी नव्हे असे खुशाल समजावे.

कोणी म्हणेल, सरकारी परीक्षेलाही शुल्क असतेच की! खरे आहे. पण ते जाहिरातीत छापलेले असते, अर्जाबरोबर अधिकृत संकेतस्थळावर भरायचे असते आणि ते परीक्षेला बसण्यासाठी असते. ‘तुमची निवड झाली, आता अमक्याच्या खात्यात पैसे टाका’ असे कोणताही आयोग कळवत नाही.

आता थोडा हिशेब करा. एका व्हिडिओला ‘अंगठा’ दिला की ५० रुपये, असे सांगितले जाते. काम मिनिटाभराचे. म्हणजे तासाला ३,००० रुपये, आठ तासांत २४,००० रुपये आणि महिन्याच्या २५ दिवसांत ६ लाख रुपये! एवढा पगार जिल्हाधिकाऱ्यांनाही नसतो. मग हा पैसा येतो कोठून? कोणतेही यंत्र आपण पुरवू त्याहून अधिक ऊर्जा देत नाही, हा नियम तुम्ही शिकला आहात. इथेही तोच प्रश्न विचारायचा.

सुरुवातीला दीडदोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा होतात. ते गळाला लावलेले आमिष. मग ‘मोठ्या कामासाठी’ हजार रुपये भरायला सांगतात, पुढे पाच हजार, पुढे पन्नास हजार. पडद्यावर तुमची शिल्लक फुगत जाते, पण तो नुसता आकडा असतो. काढायला गेलात की ‘आधी कर भरा’ म्हणतात आणि शेवटी अंगठा दाखवतात. सोयाबीन विकून आलेले वर्षाचे पैसे असे एका आठवड्यात जाऊ शकतात.

पत्ता शेवटाकडून वाचा

‘किल्लारी, तालुका औसा, जिल्हा लातूर’ या पत्त्यात मोठा भाग शेवटी येतो. संकेतस्थळाचा पत्ताही तसाच असतो. सुरुवातीची तिरप्या रेघांची जोडी सोडून द्या. पुढे जी पहिली तिरपी रेघ येईल, तिच्या आधीचा शेवटचा भाग पाहा. तो ‘डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर स्थळ सरकारी. ‘गव्ह डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’ असे असेल तर त्याचा मालक कोणी ‘अमुक’ आहे. पुढे लावलेले ‘गव्ह’ केवळ मुखवटा.

घाई आणि गुप्तता

खरा मालक मुलाखत घेतो, प्रश्न विचारतो, तुम्हालाही विचारू देतो. भामटा विचार करायला वेळ देत नाही आणि ‘घरी सांगू नका’ म्हणतो. ‘तुमचे बँक खाते वापरू द्या, कमिशन देतो’ असे कोणी म्हणाले तर विशेष सावध राहा. चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारात येतात.

यात केवळ पैसाच जातो असेही नाही. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून साठाहून अधिक भारतीयांची सुटका केली आणि पाच जणांना अटक केली. या लोकांना समाजमाध्यमांवरून थायलंडमधल्या चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवले होते. तेथून त्यांना सीमेपलीकडे नेऊन, धाकात ठेवून, इतरांना फसवण्याच्या कामाला जुंपले. त्याआधी मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशाच अड्ड्यांतून सुटलेल्या ५४९ जणांना विमानाने परत आणले होते. चिन्ह येथेही उघड होते : व्हिसा पर्यटकाचा आणि बोलावणे नोकरीचे. पर्यटक व्हिसावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही. परदेशी पाठवणाऱ्या एजंटाची नोंदणी आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते.

एखाद्याच चिन्हावरून निकाल देऊ नये, हेही शास्त्रीय वृत्तीत बसते. लहानसा प्रामाणिक दुकानदारसुद्धा व्हॉट्सअॅपवरून माणूस शोधतो. पण दोन-तीन चिन्हे एकत्र दिसली तर थांबा. पैशाची मागणी आली, तर मात्र दुसऱ्या चिन्हाची वाटच पाहू नका.

एवढे करूनही कोणी फसलाच, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसा पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी तो अडवता येण्याची शक्यता असते. प्रत्येक तासाचे महत्त्व आहे.

विद्यार्थी मित्रहो, एक प्रयोग करून पाहा. घरातल्यांच्या मोबाइलवर आलेले नोकरीचे पाच संदेश वहीत उतरवा. प्रत्येकापुढे चार रकाने आखा : पैसा, पत्ता, घाई, गुप्तता. खुणा करा आणि ती वही वर्गात शिक्षकांना, घरी आईवडिलांना दाखवा. जमिनीच्या पोटात काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. हा संदेश मात्र आपल्या हातातच आहे. तो नीट वाचावा.