बारा महिन्यांची गोधडी

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची गाठोडी खाली येतात. कुणाचे विरलेले धोतर, काठ शाबूत असलेले पण पदर गेलेले लुगडे, मुलीचा तिसरीतला परकर. टाकवत नाही आणि वापरवतही नाही, असे ते सगळे. दोन घटका त्याच्याकडे पाहून आपण गाठोडे पुन्हा बांधतो आणि पुढच्या दिवाळीपर्यंत वर ठेवून देतो. माझ्या घरीही वीस वर्षे हेच चालले होते. मग एका हिवाळ्यात आमच्या पायाखालची जमीन हलली, आणि ते गाठोडे मी सोडले ते कायमचेच.

आम्ही डहाणूचे. चिकूच्या वाड्यांचे हे गाव, समुद्राच्या कुशीतले. पुण्या-नाशिकाइतकी थंडी इथे पडत नाही. पण पौष-माघात पहाटेचा वारा सुटला की अंगावर दोन पदरी पांघरूण लागतेच. २०१८ ची दिवाळी सरली न सरली तोच नोव्हेंबरात डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास तर रोजचेच झाले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. पाड्यापाड्यांवरची माणसे घराबाहेर, अंगणात, तंबूत निजू लागली. ऐन थंडीत आणि उघड्यावर!

आमच्या वाडीत चिकू तोडायला येणारी एक वारली बाई तलासरी तालुक्यातली. घरात तान्हे नातवंड. एके दिवशी सासूबाईंनी आपली स्वतःची गोधडी घडी घालून तिच्या हातात दिली. ती गोधडी साधीसुधी नव्हती. सासूबाईंच्या आईने स्वतःच्या लुगड्यांची, हाताने शिवलेली. मी म्हटले, "आई, दुसरं काही दिलं असतं की!"

"दुसरं काय होतं ग घरात? तुमच्या त्या विकतच्या ब्लँकेटात लेकरू घामेजतं," त्या म्हणाल्या. "आणि गोधडी द्यायचीच असते. पेटीत ठेवून ती ऊब देते का?"

उत्तर बिनतोड होते. पण ऐंशी उलटलेल्या सासूबाई त्या रात्री चादर ओढून निजल्या, आणि मला काही झोप लागली नाही. त्यांच्या हाताला कंप, डोळ्यांना कमी दिसायचे. त्यांच्या हातून आता गोधडी होणार नव्हती. करायची तर मलाच करायला हवी होती. मला शिवणकाम येते, पण वेळ कुठला? घर, वाडी, पाहुणे. तेव्हा मनाशी ठरवले, महिन्याला एकच चौक शिवायचा. बारा महिन्यांचे बारा चौक. पाडव्याला सुरुवात करायची आणि फाल्गुनात संपवायचे.

ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेत कॅन्सस सिटी स्टार नावाच्या वर्तमानपत्राने १९२८ पासून १९६१ पर्यंत ठिगळकामाच्या चौकांचे नमुने छापले. शेतावरच्या बायका ती कात्रणे जपून ठेवीत आणि एकेक चौक करून साठवीत. थोडे थोडे करून मोठे काम उरकण्याची कला बायकांना सगळीकडे सारखीच अवगत आहे, नाही का?

आता हिशेब सांगते, तो आधी कागदावर मांडा. एक चौक शिवून तयार झाल्यावर पंधरा इंचांचा. आडवे तीन, उभे चार. चौकांच्या मधून आणि सभोवार तीन-तीन इंचांची पट्टी. म्हणजे रुंदी सत्तावन्न इंच, लांबी पंचाहत्तर. पावणेपाच फूट बाय सव्वासहा फूट, एका माणसाला पुरेशी. प्रत्येक शिवण पाव इंचाची. म्हणून सुटा चौक साडेपंधरा इंच आणि पट्टी साडेतीन इंच हवी. मशीनच्या पत्र्यावर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा आणि कापडाची कड त्याला धरून शिवा. मी पहिले चार महिने हे केले नाही. श्रावणात पाच चौक शेजारी मांडले, तर वैशाखाचा अर्धा इंच लहान! उसवला आणि पुन्हा केला.

कापड निवडताना आधी दोन्ही हातांनी ताणून पाहा. चरचर आवाज आला तर ते वरच्या चौकाला घेऊ नका, आतल्या थरात घाला. नवे-जुने सगळे कापड आधी धुऊन घ्या. रंग जातो की नाही हे पाहायला ओल्या पांढऱ्या चिंधीने चोळा. लाल लुगड्याचा रंग एकदा पांढऱ्या धोतरावर उतरला की काही उपाय नाही. नमुन्यासाठी मी जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा वापरला. पट्ट्या, चौकोन आणि त्रिकोण एवढ्यावरच भागवले.

त्रिकोणांचे मला आमच्या भागातच धडे मिळाले. वारल्यांच्या चित्रांत माणूस म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण मुळात ही चित्रे सुवासिनींची. लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने त्या चौक काढतात, आणि त्यात पालघट देवी बसते. मी उत्साहाच्या भरात तोच चौक आषाढासाठी घ्यायला निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, "देवाचा चौक अंगाखाली घेऊन निजणार?" मी कागद मिटला आणि साध्या त्रिकोणांची माळ केली.

एकेक महिना एकेक कापड घेऊन आला. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला नेसलेले जुने पातळ, ज्येष्ठात यजमानांचा चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, भाद्रपदात मुलीचा परकर. फाल्गुनाचा चौक मात्र मी मोकळा ठेवला. तिथे मला सासूबाईंचे हिरवे लुगडे हवे होते, आणि मागायचा धीर होत नव्हता. लग्नातले होते ते. मोडले तर मोडले, आणि नाही मोडले तर कसर लागून जाणार. एके दुपारी त्यांनीच ते आणून माझ्या मांडीवर टाकले. "पदर राहू दे. बाकीचं काप," एवढेच म्हणाल्या.

चौक जोडून झाले तोवर २०२० चा पाडवा उजाडला. २५ मार्च, देशभर टाळेबंदीचा पहिला दिवस. आता वेळच वेळ होता. अस्तर, मध्ये जुन्या लुगड्यांचे दोन थर आणि वर चौकांची जोडणी असे सगळे बाहेरच्या खोलीतल्या फरशीवर पसरले. अस्तर चारी बाजूंनी दोन इंच मोठे ठेवा. कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवा आणि मध्यापासून बाहेर वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घाला. मध्ये पिंजलेला कापूस घालायचा मोह टाळा. दूरदूरच्या शिवणीत तो गोळा होतो.

मशीन पायाचेच हवे, कारण दोन्ही हात कापडाला लागतात. सुई सोळा नंबरची, टाका लांब, आणि कापड दाबून धरणाऱ्या फुटाचा दाब थोडा सैल. दोन्ही बाजू चटईसारख्या गुंडाळून घ्या आणि डावीकडे एक खुर्ची ठेवून तिच्यावर ओझे टाका, नाहीतर वजनाने कापड ओढले जाऊन टाके वाकडे जातात. पहिली शिवण बरोबर मधोमध, मग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. हाताची गोधडी आमच्या सासूबाई कडेपासून आत, घरात घर काढत नेत. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकाही आपली कवंदी कडेपासूनच सुरू करतात. मशीनवर तसे केले तर मध्यभागी फुगा येतो. एवढे सगळे मशीनच्या हाताखालून जात नसेल, तर चार-चार चौकांच्या तीन उभ्या पट्ट्या वेगवेगळ्या शिवा आणि मागाहून जोडा.

पाचव्या शिवणीला सुई मोडली. दुकाने बंद! शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून काडेपेटीत घालून दोन सुया दिल्या; त्या जोरावर काम तडीस गेले. अडीच इंचाची पट्टी दुहेरी दुमडून सभोवार गोट लावला.

सासूबाईंनी गोधडीवरून हात फिरवला. "ताठ आहे. पुठ्ठ्यासारखी."

मला रडूच यायचे बाकी होते. पण त्यांचे खोटे नव्हते. मी हौसेने दर इंचाला शिवण मारली होती. त्यांनी एक शिवण सोडून एक उसवायला सांगितली. आठ दिवस मी उसवत बसले. दोनदा धुतल्यावर गोधडी अंगाला लागू लागली. मग त्यांनी मोठ्या नेढ्याची सुई मागितली आणि फाल्गुनाच्या हिरव्या चौकावर, कापऱ्या हाताने, आपला धावदोरा घातला. वाकडा आहे. सगळ्या गोधडीत तेवढाच.

पुढच्या हिवाळ्यात तलासरीची बाई आली. हातात धुतलेली, घडी केलेली जुनी गोधडी. "पोर आता धावतं," म्हणाली, "तुमची ऊब तुम्हाला." सासूबाईंनी ती जवळ घेतली, आणि नव्या गोधडीकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "आता ही तिला दे."

वर्षाचे काम आणि ते लग्नातले लुगडे! क्षणभर माझा हात थबकला, हे कबूल करायला हवे. मग दिली. ती आजही तलासरीच्या एका घरात आहे आणि तिच्या आईचा धावदोरा अजून शाबूत आहे, असे माझी मुलगी मोठ्या ऐटीत आपल्या मैत्रिणींना सांगते. वास्तविक तो तिच्या आईचा नव्हे, आजीचा. पण मी तिला सुधारत नाही.

भगिनींनो, फराळाचे डबे भरून झाले असतील. माळ्यावरचे गाठोडे पुन्हा बांधण्याआधी त्यातून एक पंधरा इंचांचा चौक काढा. कार्तिकाचा. पुढच्या दिवाळीला अश्विनाचा चौक हातात असेल, आणि गोधडी कुणाला द्यायची हे तोवर आपोआप ठरलेले असेल.