बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं?

होळी झाली की मिरच्या, धणे अंगणात वाळत पडतात आणि गटाच्या मसाला यंत्रापुढे डब्यांची रांग लागते. नेमकं तेव्हाच यंत्र घरघरायला लागतं. मिस्त्री येतो, "बेअरिंग गेलं" म्हणतो, नवं बसवतो, पैसे घेऊन जातो. दोन महिन्यांत पुन्हा तोच आवाज! हंगामातले चार दिवस यंत्र बंद म्हणजे त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता अंगावर. म्हणून आज याच विषयावर बोलू या.

आपल्या पल्व्हरायझरमध्ये एक आडवा शाफ्ट असतो. त्याच्या एका टोकाला पुली, दुसऱ्या टोकाला मसाला कुटणारे हातोडे, आणि मध्ये शाफ्टला तोलून धरणारी दोन बेअरिंगं. बेअरिंग म्हणजे एकात एक दोन पोलादी कड्या आणि मध्ये गोळ्या. आतली कडी शाफ्टबरोबर फिरते, बाहेरची जागेवर घट्ट बसते.

तपासायचं कसं? मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून गटातल्या एकीच्या हातात द्या. पट्टे उतरवा आणि पुली हातानं फिरवा. ती गुळगुळीत फिरायला हवी. वाळूवरून चाक गेल्यासारखी खरखर लागली, किंवा शाफ्ट वर-खाली हलवताना खुळखुळला, तर बेअरिंग संपलं. पदर, वेणी, ओढणी आधी खोचून घ्या, हे सांगायला नकोच, तरी सांगतो.

दुकानात जाताना जुनं बेअरिंग बरोबर न्या. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा 6205 आहे. शेवटच्या 05 ला पाचनं गुणलं की 25, म्हणजे आतलं भोक 25 मिलिमीटरचं. 6206 चं भोक 30 चं. नंबरापुढे 'झेड झेड' असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण असतं, 'टू आर एस' असेल तर रबराचं. मिरचीची पूड फार बारीक असते, म्हणून आम्ही रबराचंच मागतो.

आता बसवणं. इथेच सगळ्यात जास्त घाई होते. मिस्त्री बाहेरच्या कडीवर हातोडा मारून बेअरिंग शाफ्टवर चढवत असेल तर त्याला थांबवा. तो मार गोळ्यांतून आतल्या कडीला पोचतो आणि कडीवर खळगे पडतात. नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी अधू होतं. फक्त आतल्या कडीवर टेकेल असा पाइपचा तुकडा ठेवून त्यावर हलके, चारी बाजूंनी सारखे ठोके द्यायचे. गॅसच्या ज्योतीनं बेअरिंग तापवू देऊ नका. आणि ते शाफ्टवर ढिलं बसत असेल, तर शाफ्ट झिजलाय. काही जण शाफ्टवर छिन्नीचे टोचे मारून काम भागवतात. ते फार दिवस टिकत नाही. लेथवर भरून, कातून घेतलेला बरा.

एवढं करूनही बेअरिंग लवकर जात असेल, तर दोष बहुधा रेषेत असतो. मोटरची पुली आणि यंत्राची पुली एका रेषेत नसल्या की पट्टा तिरका ओढतो आणि तो ताण बेअरिंग सोसत राहतं. पट्ट्याची एकच कड झिजलेली दिसली, पट्ट्याखाली काळी भुकटी साचली, तर ही खूण समजा.

यासाठी महागडं हत्यार लागत नाही, एक सुतळी पुरते. दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या तोंडावरून ती ताणून धरा. पहिल्या पुलीच्या दोन्ही कडांना आणि दुसऱ्या पुलीच्या दोन्ही कडांना, अशी चार जागी ती टेकायला हवी. एका पुलीपासून पूर्ण सुटली तर मोटर पुढे-मागे झाली आहे. एकाच कडेला टेकली तर मोटर वाकडी बसली आहे. पुल्यांची जाडी वेगळी असेल तर मात्र कड न बघता खाचेच्या मध्यापासून मोजा. मोटरचे चार बोल्ट ढिले करून ती सरकवा. पाया खालीवर असेल तर पायाखाली पत्र्याची पातळ चकती घाला. बोल्ट आवळताना मोटर पुन्हा हलते, तेव्हा आवळल्यावर सुतळी परत लावा. हीच पायरी सगळे गाळतात.

पट्टा किती ताणायचा? दोन पुल्यांत अर्धा मीटर अंतर असेल, तर मध्यावर अंगठ्यानं दाबल्यावर पट्टा साधारण आठ मिलिमीटर खाली जावा. "घसरू नये म्हणून" करकचून आवळलेला पट्टा बेअरिंगचा जीव घेतो. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदमच बदला, नाहीतर नवा पट्टा एकटाच सगळा भार ओढतो.

पट्ट्यावरची जाळी लावल्याशिवाय बटण दाबू नका. पहिली पंधरा मिनिटं यंत्र रिकामं चालवा, मग बंद करून बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेवताच येत नसेल तर पट्ट्याचा ताण आणि सुतळी पुन्हा बघा. नवा पट्टा थोडा सैलावतो, म्हणून आठवड्यानं त्याचा ताण परत तपासा. आणि बेअरिंगचा नंबर व बदलल्याची तारीख गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.