चिमूटभर थंडावा

सिंधुदुर्गातल्या शिरोड्याचं खडे मीठ घ्या, चांगलं मूठभर, साधारण 60 ग्रॅम. स्टीलच्या पेल्यात पावशेर पाणी घेऊन त्यात ते ढवळा आणि थर्मामीटर बुडवा. पारा दीड-दोन अंश उतरतो. बोटाला हा फरक जेमतेम कळेल. एवढाच का, याचं उत्तर मात्र मोठ्या आकड्यांत आहे.

शाळेत शिकवतात की सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन मोकळा होतो. तसा तो सुखासुखी देत नाही. 58.5 ग्रॅम मिठापुरता हिशेब केला, तर सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढायला 496 किलोज्यूल मोजावे लागतात आणि क्लोरीनने तो घेतला की 349 परत मिळतात. म्हणजे ही देवघेव चक्क तोट्याची! फायदा होतो तो पुढे, धन आणि ऋण आयन एकमेकांना बिलगून स्फटिक रचतात तेव्हा. त्यात 787 किलोज्यूल बाहेर पडतात. एवढ्या उष्णतेत अडीच लिटर पाण्याला उकळी फुटेल.

मीठ विरघळायचं म्हणजे हे 787 परत फेडायचे. ते फेडतं पाणी. पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाला वेढा घालतात आणि त्या मिठीतून सुमारे 783 सुटतात. कमी पडलेले चारेक किलोज्यूल पेल्यातल्याच पाण्यातून काढले जातात, म्हणून पारा उतरतो.

मग तोटा सोसून मीठ विरघळतं कशाला? आंगणेवाडीच्या जत्रेत दर्शनाच्या रांगेतून सुटलेली माणसं आठवा. पुन्हा रांगेत उभं राहण्याचा प्रकार एकच, पांगण्याचे हजार. आयनांचंही तेच. पांगण्याची मुभा एवढी मोठी असते की चार किलोज्यूलची उसनवारी सहज खपून जाते.

आता शिरोड्याच्या मिठागरात हीच गोष्ट उलटी बघा. खाडीचं पाणी वाफ्यात घेऊन आटवायचं. किलोभर मिठासाठी पस्तीसेक लिटर पाणी उडून जावं लागतं, त्याला साधारण 85 हजार किलोज्यूल लागतात. त्यातले मीठ स्फटिक होताना परत देतं किती? साठ-सत्तर! जवळजवळ सगळी कमाई पाण्याला हवेत पाठवण्यात खर्ची पडते, आणि ती करतं ऊन. फुकटच्या उन्हावर इंग्रज सरकारने कर का घ्यावा, असंही कुणी विचारलं असतं. 1930 च्या मे महिन्यात याच शिरोड्यात लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला, तेव्हा लेखक वि. स. खांडेकर तिथल्याच शाळेत शिकवत होते.

वाफ्यात मीठ बसलं की वर कडवट पाणी उरतं. त्यात मॅग्नेशियम क्लोराईड असतं. मॅग्नेशियमचा आयन लहान आणि दुहेरी भाराचा, त्यामुळे तो पाण्याला नुसता बिलगत नाही, ओढून घेतो. कोरडं मॅग्नेशियम क्लोराईड पेल्यात टाकलं तर पाणी थंड व्हायच्या ऐवजी गरम होतं. मीठ वेचताना हे कडू पाणी नीट निथळलं नाही, तर थोडं मॅग्नेशियम क्लोराईड खड्यांना चिकटून घरी येतं. मृगाचा पाऊस सुरू झाला की ते हवेतली वाफ खेचायला लागतं. आई चिनीमातीच्या बरणीतून मीठ काढताना म्हणते, ‘‘मिठाक पानी सुटला.’’ बरणीच्या तळाशी साचलेलं ते पाणी जिभेला लावून बघा. खारटाच्या मागून कडवट चव येते.