लाल त्रिकोणापलीकडची गोळी

संततिनियमनाची गोळी म्हटली की आपल्यासमोर लाल त्रिकोण आणि लोकसंख्येचे आकडे उभे राहतात. वस्तुतः १९५७ साली अमेरिकेत ‘एनोव्हिड’ला पहिली मान्यता मिळाली ती पाळीच्या विकारांवरील औषध म्हणून, गर्भनिरोधक म्हणून ती १९६० मध्ये मिळाली.

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती ओटीपोटात अन्यत्र रुजते, क्वचित मज्जातंतूंनाही वेढते, आणि दर महिन्याला कंबर-मांड्या पिळवटून निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा विकार आहे. गोळीने बीजविमोचन थांबते, अस्तर पातळ राहते आणि पुष्कळजणींची कळ ओसरते. रोग मुळासकट जात नाही. रक्तात गुठळी झालेली असल्यास वा रक्तदाब चढा असल्यास गोळी अपायकारकही ठरते. तेव्हा तपासणी हवीच.

जपानने २००८ साली अशा गोळीला वेदनेसाठी आरोग्यविम्यात स्थान दिले. गर्भनिरोधनाचा खर्च मात्र ज्याचा त्याच्यावर ठेवला. आपल्याकडे नेमके उलटे. सरकारी केंद्रात ‘माला-एन’ फुकट मिळते, पण कुटुंबनियोजनाच्या खाती. दर महिन्याला महाविद्यालय बुडवणाऱ्या अविवाहित मुलीने ती मागावी कोणत्या तोंडाने? ‘लग्न झाले की थांबेल’ हा घरचा सल्ला तिला आयताच मिळतो. (आमच्या अर्थशास्त्रातही बुडालेली मजुरी मोजतात, कळ सोसून मिळवलेली नाही.)

वेदनेसाठी गोळी देण्याची वेगळी नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू करावी. वाढीव खर्च येईल तो एका नोंदवहीचा आणि परिचारिकेच्या थोड्या वेळाचा.