पाळी जाताना

श्रोतेहो, पाळी कायमची जाणे हा आजार नव्हे. सुश्रुतसंहितेने ती जाण्याचे वय पन्नाशी हेच सांगितले आहे. या वयात वात वाढतो, असे वैद्य मानतात. म्हणून रात्री तळपायांना आणि सांध्यांना कोमट तिळाचे तेल, वेळेवर ताजे जेवण, त्यात तीळ आणि नाचणी, असा त्यांचा सल्ला असतो. अंगातून वाफा येत असतील तर चहा, तिखट कमी करावे. शतावरी कल्प पुष्कळजणी दुधातून घेतात. मात्र त्यात साखर भरपूर असते. मधुमेह असेल तर तो नको. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय शतावरी घेऊच नये.

आपल्या जालना जिल्ह्यातल्या अनेक बाया ऊसतोडीला जातात. अंगावरून पांढरे जाते म्हटले, की तिशी-पस्तिशीतच 'पिशवी काढून टाका' असे त्यांना सांगितले जाते. शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले! पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली, की पाळी जाण्याचे सारे त्रास एकदमच सुरू होतात, हाडे लवकर ठिसूळ होतात. ही उणीव कोणतेही चूर्ण भरून काढत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत जरूर घ्या, अंडाशये राखता येतील का, हेही विचारा.

आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर काढ्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात तपासणी करून घ्या.