बिगुलाचे पाच सूर

बिगुलाला ना पेटीसारख्या पट्ट्या, ना बासरीसारखी भोकं! वाजवणाऱ्याने ओठ आवळायचे नि सैल सोडायचे. तेवढ्यावर जेमतेम पाच सूर निघतात. पण लष्करी बँड थांबतो आणि त्याच सुरांत ‘लास्ट पोस्ट’ सुरू होते, तेव्हा भल्याभल्यांचे डोळे पाणावतात. मुळात ही छावणीतली खूण. पहारे तपासून झाले, दिवस संपला! म्हणूनच ती रणात पडलेल्यांसाठीही वाजते.

आयर्लंडमध्ये मात्र हा मान साऱ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सुमारे दोन लाख आयरिश माणसं ब्रिटिश सैन्यातून लढली. युद्ध संपलं, तोवर देशात स्वातंत्र्यलढा पेटला होता. मग इंग्रजांच्या गणवेशात मेलेल्या मुलासाठी उघडपणे रडायचं कसं? कित्येक घरांतली पदकं ट्रंकेच्या तळाशी गेली. दिल्लीच्या इंडिया गेटचा आराखडा करणाऱ्या लट्यन्स यांनीच डब्लिनमध्ये या सैनिकांसाठी स्मृतिउद्यान आखलं. तेही पुढे दुर्लक्षित झालं; १९८८ पर्यंत त्याचा जीर्णोद्धार झाला.

१९८६ पासून दरवर्षी ११ जुलैच्या जवळच्या रविवारी आयर्लंडमध्ये राष्ट्रीय स्मृतिदिन पाळतात. लष्करी बँड वाजतो, राष्ट्राध्यक्ष पुष्पचक्र वाहतात. महायुद्धात गेलेले असोत, की काँगो-लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत, बिगूल सगळ्यांसाठी एकच. ‘लास्ट पोस्ट’नंतर ‘रेव्हेली’ वाजते, म्हणजे पहाटेची हाक.

झेंडा कुणाचा, हा वाद इतिहासाचा. आईचं दुःख मात्र एकच, नाही का? ते चारचौघांत बोलता येणं, हाही केवढा दिलासा असतो!