परदेशातल्या विमानतळावर मोबाईलला नेट कसे मिळवायचे?

पालकहो, नाकाडोंगरीचा मुलगा नागपूरहून विमानाने शारजाला गेला, की त्याचा निरोप येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. विमानतळावर फुकट वायफाय असते, पण काही ठिकाणी ते आधी मोबाईलवर ओटीपी मागते. इथेच गाडी अडते! आपल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू नसेल तर ओटीपी येतच नाही. ते निघण्यापूर्वीच सुरू करून घ्या. पॅक घेतला नसेल तर डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा, नाहीतर बिल फुगते. तिथले सिम काउंटरवर पासपोर्ट दाखवून मिळते. जुने सिम जपून ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. आणि हो, शारजा-दुबईकडे व्हॉट्सअॅपवर मेसेज जातो, कॉल सहसा लागत नाही. फोन आला नाही म्हणून घाबरू नका, मेसेज बघा.